गाडी आत घेऊ नका म्हणणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार त्याच दिवशी मानायचे होते. पण त्या पहाटे माझा गळा असा दाटून आला होता की तोंडातून शब्दच फुटला नाही, आणि नंतर तुम्ही निघूनही गेलात. म्हणून आज लिहिते आहे. सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे, कारण तुमच्यासारखं काम करणारी माणसं अजून आहेत हे चार लोकांना कळायला हवं.

आठवड्यातून तीनदा पहाटे मी आईला डायलिसिसला नेते. पारा उणे १२ च्या खाली गेला की आमच्या डिझेल गाडीचं एकच ठरलेलं. पहिल्या चावीला सुरू व्हायची, छान चालायची आणि दहा-अकरा मिनिटांनी पुलाच्या चढावर तिची ओढच जायची. ॲक्सिलरेटर दाबावा तर दोन गचके आणि बंद. मागच्या सीटवर ब्लँकेटात गुंडाळलेली आई विचारायची, "पोचलो का गं?" त्या काळोखात, त्या थंडीत तिला काय उत्तर द्यायचं? वीसेक मिनिटांनी गाडी आपोआप सुरू व्हायची आणि दिवसभर कुरकूर नसायची.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन गॅरेजांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. पहिल्याने ग्लो प्लग बदलले. ग्लो प्लगचं मुख्य काम थंड इंजिन सुरू होताना असतं. माझी गाडी सुरू व्हायला त्रास देतच नव्हती, हे मी दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्याने स्कॅनर लावला, रेल प्रेशर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या डिझेलचा दाब, कमी पडतंय असं वाचलं आणि हाय प्रेशर पंपच बदलायला सांगितला. प्रेशर का कमी पडतंय, पंपापर्यंत डिझेल पोचतंय तरी का, हा प्रश्न त्याला पडला नाही. तिसऱ्याने भर दुपारच्या उन्हात गाडी फिरवून आणली आणि चावी माझ्या हातात ठेवत म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे मॅडम. क्लच जरा नीट सोडत जा." पंधरा वर्षं गाडी चालवतेय मी. ते वाक्य मला अजून सलतं.

म्हणून तुमच्यासमोर उभी राहिले तेव्हा मी भराभरा बोलत होते. हे पण मधेच तोडणार, अशी मनाची तयारी करूनच आले होते. तुम्ही खिशातून पेन्सिल आणि कागदाचा कपटा काढलात. किती वाजता निघता? किती मिनिटांनी बंद पडते? टाकीत डिझेल कधीचं आहे? मी सांगत गेले, तुम्ही लिहीत गेलात. माझं लक्ष सारखं त्या पेन्सिलीकडे जात होतं. इतक्या जणांना सांगितलं, पण माझं बोलणं लिहून घेणारे तुम्ही पहिलेच.

मग मी गाडी आत घ्यायला वळले तर तुम्ही म्हणालात, "आत घेऊ नका. उबेत आली की तिचं दुखणं पळून जाईल. रात्रभर बाहेरच राहू दे." टाकीतलं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून तेही बाहेर कट्ट्यावर ठेवलंत. आणि पहाटे पाचला स्वतः आलात. आईला म्हणालात, "आई, आज उशीर झाला तर थोडं सांभाळून घ्या, पण कारण कळल्याशिवाय मी उतरणार नाही." माझ्या शेजारच्या सीटवर बसलात, कपटा मांडीवर.

पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. तुम्ही घड्याळ बघितलंत, कपटा बघितलात आणि म्हणालात, "अकरा मिनिटं. तुम्ही म्हणालात तसंच."

दादा, पुढे तुम्ही जे केलंत ते कौशल्याचं होतं, त्याबद्दल आदर आहेच. पण मला रडू आलं ते या पाच शब्दांनी. दोन महिने मी स्वतःवरच शंका घेत होते. कदाचित खरंच क्लच चुकत असेल, कदाचित मीच घाबरून काही करत असेन. त्या एका वाक्याने ते सगळं ओझं उतरलं.

मग तुम्ही बॉनेट उघडलंत, हातमोजा काढलात आणि त्या मरणाच्या थंडीत उघडा तळहात डिझेल फिल्टरवर ठेवलात. "हा आत्तापर्यंत कोमट व्हायला हवा होता. नुसता बर्फ आहे." फिल्टरच्या हीटरचं कनेक्शन जळलेलं निघालं. आईचं डायलिसिस चाललं होतं त्या चार तासांत तुम्ही हॉस्पिटलच्या आवारातच ते दुरुस्त केलंत, फिल्टरही बदललात.

बाटलीचं तुम्ही दाखवलंत ते मी आता भेटेल त्याला सांगते. पहाटे टॉर्च धरला तेव्हा डिझेल ताकासारखं गढूळ दिसत होतं. डिझेलमध्ये मुळातच मेण असतं, गारठ्यात त्याचे बारीक कण धरतात, ते फिल्टरच्या कागदावर साचत जातात आणि इंजिन उपाशी पडतं. माझ्या टाकीत अर्धं डिझेल उन्हाळ्यातलं होतं, म्हणून ते आणखी लवकर धरत होतं. गाडी थांबली की इंजिनची ऊब फिल्टरपर्यंत पोचायची, मेण विरघळायचं, वाट मोकळी. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हीटरजवळ ठेवलेली तीच बाटली अर्ध्या तासात नितळ झाली, तेव्हा मला तिन्ही गॅरेजांचं कोडं उलगडलं. सगळ्यांनी गाडी तपासली होती, पण उबेत.

कुणीतरी मला टाकीत थोडं पेट्रोल घालायला सांगितलं होतं. तुम्ही ते ऐकून कळवळलात. हल्लीच्या पंपाला वंगण म्हणजे डिझेलच, ते पातळ केलं तर पंप खरडला जाईल, म्हणालात. मेण धरू नये म्हणून मिळणारं औषधही डिझेल गढूळ व्हायच्या आधी घालायचं असतं, नंतर उपयोग नाही, हेही समजावलंत. बिलात लावलंत फक्त फिल्टर आणि वायर. पहाटेच्या फेरीचे पैसे विचारले तर म्हणालात, "बघितल्याशिवाय कसं कळणार होतं? ते माझं कामच आहे."

समोरचा माणूस खरं बोलतोय असं धरून चालणं, ही केवढी मोठी माणुसकी आहे! डॉक्टरांत, शिक्षकांत, कचेरीतल्या खिडकीमागे, कुठेही ती भेटली की माणूस अर्धा बरा होतो. तुमच्या हाताखाली जी मुलं शिकताहेत त्यांना पान्याआधी ती पेन्सिल द्या, एवढीच विनंती आहे.

आज पहाटे उणे १६ होतं. अकरावं मिनिट आलं तेव्हा माझे हात स्टीअरिंगवर घट्ट आवळले गेले. गाडी चढ चढून गेली. आरशात बघितलं तर आई झोपली होती. पूल कधी गेला हे तिला कळलंच नाही.

तिने तुम्हाला आशीर्वाद सांगितले आहेत.

तुमची ऋणी,
पुलावरची ताई