बुडालेल्या शेळ्यांवरचा कर

मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री

महोदया,

मी धाराशिवला लोकांची इन्कम टॅक्सची विवरणपत्रं भरून देतो. उस्मानाबादी शेळी इथलीच, जुळी करडं देण्यासाठी नावाजलेली. त्या नावावरच ‘पैसे तुमचे, सांभाळ आमचा, नफा निम्मा-निम्मा’ असे भागीदारीचे करार बॉन्डपेपरवर झाले. निवृत्त शिक्षकांनी ग्रॅच्युइटी घातली. काही महिने परतावा आला, मग ऑफिसला कुलूप. शेडमध्ये तेवढ्या शेळ्या कधी नव्हत्याच.

गुन्हा नोंदला, ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा एमपीआयडी कायदा लागला. मालमत्ता विकून पैसे मिळतील तेव्हा मिळतील. प्राप्तिकराची नोटीस आधी आली.

खात्यात जमा झालेला परतावा म्हणजे उत्पन्न, असं नोटीस म्हणते. एजंट सांगायचा, शेळी म्हणजे शेतीच, कर लागत नाही. साफ खोटं. शेळीपालनाचं उत्पन्न कायद्यानं शेतीचं धरलं जात नाही. पण त्याचं ऐकून ज्यांनी ते शेतीच्या रकान्यात टाकलं, त्यांच्यावर चुकीच्या माहितीचा ठपका बसला तर दंड कराच्या २०० टक्के.

आणि हा परतावा आला कुठून? ह्यांच्याच किंवा शेजाऱ्याच्या मुद्दलातून. पाच लाख घातले, एक परत आला, चार बुडाले, तर कर त्या एका लाखावर. बुडालेले चार पेन्शनमधून वजा होत नाहीत. व्यापाऱ्याच्या मुनिमानं अफरातफर केली तर तो तोटा धंद्यातून वजा होतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं १९६५ चं परिपत्रकच आहे. शिक्षकाला ते लागू नाही, कारण त्याचा धंदा नव्हता. (कागदावर तो ‘भागीदार’ होता, ही गंमत वेगळीच.)

अमेरिकेत मॅडॉफच्या घोटाळ्यानंतर (त्यानंही नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा दिला होता), २००९ मध्ये, तिथल्या कर खात्यानं फसलेल्यांना बुडालेल्या रकमेच्या ९५ टक्के, आणि इतर कुणाकडून वसुलीची खटपट चालू असेल तर ७५ टक्के वजावटीची सोपी वाट करून दिली. आपल्याकडे अशा वजावटीसाठी कायदा बदलावा लागेल; ते अर्थसंकल्पात पाहा. पण मुद्दल भरून निघेपर्यंत आलेला पैसा मुद्दलच धरायचा आणि गुन्ह्यात फिर्यादी असलेल्यांना दंड लावायचा नाही, एवढं मंडळाला परिपत्रकानं करता येईल.

आदेश हातात पडल्यावर अपिलाला मुदत ३० दिवसांची असते. परिपत्रक त्याआधी निघावं, ही विनंती.

आपला,
एक करसल्लागार, धाराशिव