पोचलास का?

ती. आई-बाबांना सा. न.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण आईचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि गिरगावात आपल्या खोलीत बोललेलं मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत पोचतं. आधी दोघांनी वाचा. मग कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा.

लोकलमध्ये माझी छाती धडधडून हातपाय गार पडले, तो हृदयाचा त्रास नव्हता हे तुम्हाला ठाऊक आहे. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल आलं. तो पॅनिक अटॅक होता. तो काही मिनिटांत शिगेला जातो आणि आपोआप ओसरतो. त्याने जीव जात नाही, पण त्या वेळी आपण आता जाणार याची पक्की खात्री वाटते. पुन्हा तसं होईल या धास्तीने मी गाडीत चढणंच बंद केलं. बोरिवलीहून रोज टॅक्सी. पगाराचं काय होत असेल याचा हिशेब बाबांनी केलाच असेल.

म्हणून सायकायट्रिस्टकडे जातोय. आई, दचकू नकोस. बाई एमबीबीएस, मग मानसोपचारात एमडी. बाबा विचारणारच, म्हणून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणीही बघून घेतली आहे. मुद्दाम अशा डॉक्टर शोधल्या ज्या गोळ्याही देतात आणि थेरपीही स्वतःच करतात. बऱ्याच ठिकाणी औषध एकाकडे आणि बोलायला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, अशी विभागणी असते. त्यातही वाईट काही नाही. पण तीच कहाणी दोघांना सांगायची माझी तयारी नव्हती, त्या बाबतीत मी बाबांवर गेलोय. शिवाय गोळी वाढवायची की सराव, हे एकाच माणसाला ठरवता येतं.

गोळी एस्सिटालोप्राम. सुरुवातीला धाकधूक उलट वाढू शकते, म्हणून अगदी कमी डोसने सुरू केली. गुण यायला काही आठवडे लागतात. हिची झोपेच्या गोळीसारखी चटक लागत नाही, पण आपल्या मनाने एकदम बंदही करायची नाही. बरं वाटायला लागल्यावरही काही महिने घ्यावी लागते, आणि सोडायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. तेव्हा आई, ‘आता बरा आहेस ना, मग कशाला?’ हे नको.

खरं काम थेरपीत चालतं. ज्याची भीती वाटते ते टाळलं की भीती वाढते, म्हणून थोडं थोडं करून तिथेच जायचं. मी स्लो गाडीने बोरिवली ते कांदिवली गेलो. धडधड झाली, तरी उतरलो नाही. ती ओसरेपर्यंत उभा राहिलो. मग मालाड, गोरेगाव. आता अंधेरीपर्यंत एकटा जातो. गर्दीच्या वेळची फास्ट अजून बाकी आहे. दाराशीच उभं राहायचं, पाण्याची बाटली घट्ट धरायची, हे आधारही सोडायचेत. नाहीतर मनाला वाटतं, बाटली होती म्हणून वाचलो.

आणि बाबा, इथे तुमची गोष्ट येते. मी निघालो की तुम्ही दर थोड्या वेळाने ‘पोचलास का?’ विचारता. त्यामागची काळजी कळते, पण तुमचा फोनही माझी बाटलीच झालाय. डॉक्टर म्हणाल्या, घरच्यांचा धीर त्या क्षणी बरा वाटतो, पण भीतीला खतपाणी मिळतं. तेव्हा फोन करू नका. पोचल्यावर मीही कळवणार नाही. काही काळ तुम्हाला जड जाईल. खिशात ठेवायला दिलेली सॉर्बिट्रेटची गोळीही परत आणून देतो. हृदयाचं काही नसताना ती जवळ कशाला?

खर्चाचं: मेडिक्लेममध्ये मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरले पाहिजेत असं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. पण माझ्या पॉलिसीत नुसत्या ओपीडीचे पैसे मिळत नाहीत, ते खिशातूनच जातात. टॅक्सीपेक्षा कमीच.

गणपतीला चर्नी रोडपर्यंत लोकलनेच यायचा बेत आहे. स्टेशनवर न्यायला येऊ नका. ऐन वेळी नाही जमलं तर टॅक्सीने येईन, त्यावर आईने तोंड वाकडं करायचं नाही. मोदक मात्र दोन्हीकडून तेवढेच लागतील.

तुमचा,
मंदार