भरती साडेचारला

बर्लिन, ८ ऑगस्ट

प्रिय मंदे,

मार्चमधल्या त्या फोननंतर मी गप्प बसले आणि तूही बसलीस. आपल्या दोघींत जास्त हट्टी कोण, याचा निकाल नववीतच लागलाय, म्हणून पत्र मीच लिहितेय. आम्ही सगळे बरे आहोत. माझी पाठ जशी होती तशीच, निखिलची शुगर काठावर. तब्येतीचं एवढंच.

आप्पा इकडे आलेत हे दादाकडून तुला कळलं असेलच. मागच्या आठवड्यात त्यांना घेऊन समुद्रावर गेलो होतो, उझेडोमला. पोलंडला चिकटलेलं बेट आहे, अर्धं बर्लिन उन्हाळ्यात तिथे लोळत असतं. त्स्युसोला गाडी बदलली की बेटावरची छोटी गाडी थेट आल्बेकला नेऊन सोडते. पांढरी नक्षीदार जुनी घरं, समुद्रात खांबांवर गेलेला जुना धक्का, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. मला फक्त लोळायचं होतं. आईच्या वर्षश्राद्धापासून मी धड बसलेले नव्हते.

पहिल्याच संध्याकाळी आप्पा पाण्याच्या कडेला उभे राहिले, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "यात मीठ घालायला विसरलेत." खोटं नाही ते. इथल्या पाण्यात आपल्या समुद्राच्या पाचव्या हिश्शाएवढंच मीठ असतं. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "आज षष्ठी. सहाची पाऊणपट, साडेचार. साडेचारला पूर्ण भरती होऊन गेली, मग हे पाणी अजून इथेच कसं?"

मी समजावलं. आप्पा, हा बाल्टिक. डेन्मार्कच्या चिंचोळ्या वाटांनी तेवढा बाहेरच्या समुद्राला जोडलेला, भरती आत शिरायलाच जागा नाही. पाणी चढतं-उतरतं ते बोटं दोन बोटं. "असं होय," म्हणाले. मास्तरांना पटलं की ते कसे मान डोलावतात, तशी डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी: "भरती किती वाजता?" दुपारी पुन्हा. रात्री जेवताना ईराला: "उद्या अष्टमी, सहाला भरती, त्याआधी वाळूतला किल्ला बांधून घे." ईरा हसली. मलाही हसू आलं, पण जेवण गेलं नाही. तिथी मी कालनिर्णयच्या ॲपवर पडताळून पाहिली. बरोबर होती, मंदे. इथे ना पंचांग, ना देवघर, ना दारात दूधवाला, तरी तिथी बरोबर.

मग मी स्वतःची समजूत काढली. जन्मभर ज्या माणसाने खाडीपलीकडच्या शाळेत तरीने जाऊन शिकवलं, ज्याची हजेरीच भरती-ओहोटीवर होती, त्याला समुद्र दिसला की वेळ विचारावीशी वाटणारच. सवय आहे ती, विसरणं नव्हे. ही समजूत दोन दिवस पुरली.

इथे किनाऱ्यावर वेताच्या छपरी खुर्च्या मिळतात, दोघांना बसता येतं. नाव श्ट्रांडकोर्ब. दिवसाच्या भाड्याने किल्ली घ्यायची, लाकडी जाळी उघडायची आणि वाऱ्याकडे पाठ करून बसायचं. १८८२ साली रोस्टॉकच्या बार्टेलमान नावाच्या टोपल्या विणणाऱ्याने पहिली खुर्ची केली, संधिवात झालेल्या एका बाईसाठी. तिला दुखणं सांभाळून समुद्रावर बसायचंच होतं. हे सांगितल्यावर आप्पा स्वतःच्या गुडघ्याकडे बघत म्हणाले, "बाई हुशार." आणि आवडलीच त्यांना ती खुर्ची. तर एकदा आप्पा ईराला आइस्क्रीम आणायला गेले ते आलेच नाहीत. अर्धा तास मी किनारा पालथा घातला. सापडले दोन रांगा पुढे, दुसऱ्याच्या खुर्चीत, एका जर्मन आजीशेजारी. दोघं चेरी खात होते. ती जर्मन बोलत होती, हे मराठी, आणि कुणालाच काही अडत नव्हतं. आता हे चुकणं की काय म्हणायचं? शेकडो खुर्च्या, सगळ्या निळ्या-पांढऱ्या, नुसते नंबर वेगळे. निखिलही एकदा भलत्याच खुर्चीवर टॉवेल टाकून आला होता.

थांब, हे तुला सांगायलाच हवं. त्याआधी आप्पा एकटेच पोलंडच्या बाजूला फिरायला गेले. त्या वाटेवर नागड्यांचा किनारा लागतो. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, कुणाला कुणाची पडलेली नसते. आप्पा परत आले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तिकडे सगळे आंघोळीला बसलेत," एवढंच बोलले. हे मात्र ते विसरलेले नाहीत. काल शेजारच्या कुलकर्ण्यांनाही सांगून झालं. तू गुहागरच्या बीचवर शिमग्यात जो गोंधळ घातला होतास तो आठवून मी एकटीच हसत बसले. चिखलात तू मला ढकललंस, मी तुला नाही. हे मी मरेपर्यंत म्हणणार.

आता जे निखिललाही धड सांगितलेलं नाही ते. त्या बेटाच्या उत्तर टोकाला पेनेम्युंडे आहे, हिटलरची रॉकेटं तिथे तयार झाली. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिशांनी तिथे बॉम्ब टाकले, आणि त्यातला फॉस्फरस अजून कधीमधी किनाऱ्याला लागतो. ओला असताना अगदी अँबरसारखा, म्हणजे इथे किनाऱ्यावर सापडणाऱ्या जुन्या राळेच्या पिवळ्या खड्यासारखा दिसतो. लोक हौसेने उचलून खिशात टाकतात, तो सुकतो, अंगाची ऊब लागते आणि पेटतो. म्हणून सापडलेलं काहीही खिशात ठेवायचं नाही, पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. मी आप्पांना हे बजावून सांगितलं. सकाळी सांगितलं, वाटेत सांगितलं, पाटी दाखवून वाचूनही दाखवलं. रात्री त्यांचा सदरा धुवायला घेतला तर छातीवरच्या खिशात पिवळा खडा. माझे हात थरथरले. दगडच निघाला तो, साधा. पण मी विचारल्यावर आप्पा म्हणाले, "तू कधी सांगितलंस?"

रागावले नव्हते, लबाडीही नव्हती. खरंच माहीत नव्हतं त्यांना.

आता तू म्हणशील, आप्पांनी आईचं तरी कधी ऐकलं होतं? तेही मी स्वतःला सांगून पाहिलं. शिवाय निघायच्या आदल्या दिवशी जमिनीवरून जोराचा वारा सुटला आणि पाणी आत ओढलं गेलं. रोज बुडालेला वाळूचा पट्टा उघडा पडला. इथे वाऱ्याने तसं होतं. पण आप्पा कमरेवर हात ठेवून उभे: "ओहोटी नाही म्हणत होतीस ना?" म्हणजे ते बोलणं त्यांच्या लक्षात होतं! तेवढ्यावर मी त्या रात्री झोपले. खड्याचं सकाळी पुन्हा आठवलं.

दादाला सांगू की नको, इथे अडलंय. तो रविवारी फोन करतो, "आप्पा ठणठणीत ना?" विचारतो आणि मी "हो" म्हणते. सांगितलं तर दादा काय करेल मला ठाऊक आहे. खालच्या घराची किल्ली काढून घेईल, जेटीपर्यंतची फेरी बंद करेल, आणि मग आप्पा खरंच संपतील. न सांगावं तर सगळं वहिनीच्या गळ्यात पडणार, तिला कल्पनाही नसताना. तेही बरोबर नाही. गावात त्यांना सगळं पाठ आहे, म्हणून तिथे कुणाला काही दिसत नाही. मार्चमध्ये तू हेच म्हणालीस, की "त्यांना तिकडे नेणं ही तुझी हौस आहे." 'हौस' मला अजून टोचतं. आप्पा इथे मजेत आहेत, कच्च्या हेरिंग माशाचा पाव दोनदा मागून खाल्ला, "शिजवायचं राहिलंय" म्हणत. तेव्हा तुझं सगळं खरं ठरलं असं समजू नकोस.

पण काकूंचं तू पाहिलंयस, मी फक्त फोनवर ऐकलं. तुला पहिल्यांदा कशावरून कळलं, मंदे? डॉक्टरांनी सांगितलं ते नको. त्याच्या आधीचं, तू कुणाला बोलली नव्हतीस ते. वयाने होणारं विसरणं आणि ते दुसरं, यांत तुला काय वेगळं दिसलं?

ओवीला पुण्यातच ॲडमिशन मिळाली हे वाचून बरं वाटलं, तिला माझ्याकडून घड्याळ घे, पैसे पाठवते. फ्लॅटचा ताबा मिळाला का? आणि सुरेशभावजींच्या बदलीचं काय झालं? सविस्तर लिही, मी एका ओळीत विचारलं म्हणून तू एका ओळीत सांगू नकोस.

आप्पा गणपतीच्या आधी घरी पोचतील. तूही जाशीलच. एकदा आमच्याकडे डोकावशील का? त्यांना भरती विचारू नकोस, ती ते बरोबरच सांगतील. दुपारी काय जेवलात, ते विचार, आणि जरा वेळाने पुन्हा विचार. वहिनी समोर नसताना.

तुझी,
सुमी