विरलेल्या चादरीचं काय करावं?

मा. संपादक,

आपल्या पुरवणीतला काटकसरीवरचा लेख वाचला. त्यातल्या बहुतेक युक्त्यांसाठी आधी काहीतरी विकतच आणावं लागतं: कप्प्यांचे ट्रे, एकसारखे हवाबंद डबे, वर चिकटवायला लेबलं. घरातल्या रिकाम्या बरण्यांनी काय घोडं मारलंय?

चादरीचंच बघा. ती नेहमी मधोमध विरते, कारण अंगाचा भार आणि घासणं तिथेच. कडेचं कापड शाबूत असतं. फाटायची वाट बघू नये. उजेडासमोर धरून कापड जाळीदार दिसू लागलं की चादर मधून उभी कापायची, बाहेरच्या किनारी मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेल्या कडा दुमडून टीप मारायची. दंड घालणं ते हेच. किनारीचे धागे सुटत नाहीत, म्हणून मधली शिवण चपटी राहते, अंगाला टोचत नाही. रुंदी थोडी घटते, तेवढं चालवून घ्यायचं. पुन्हा विरली की उशीचे अभ्रे, मग पुसणी. (पॉलिस्टरची पुसणी मात्र करू नका, पाणीच टिपत नाहीत.)

इंधनाचंही तसंच. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंश सेल्सियसच्या वर तापत नाही, आच कितीही मोठी ठेवा, नुसती वाफ वाढते. उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवावं. हे घरातल्या पुरुषांनीही वाचायला हरकत नाही.

पुढच्या अंकात रफू-शिवणावर एखादा लेख आकृत्यांसह द्या. जाहिरातदार रुसतील कदाचित, पण वाचक कात्रण काढून ठेवतील.

आपली,
एक नियमित वाचक