बलुत्यांच्या यादीबाहेरचे खानदेशी कसबी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावगाड्यातील लुप्त व्यवसायांविषयी आपल्या पुरवणीत येणारे लेख मी आवर्जून वाचतो. मात्र त्यांत सुतार, लोहार, कुंभार ही ठरलेली नावेच फिरून फिरून येतात आणि ज्यांच्यावाचून खानदेशची शेती व बाजारपेठ चालली नसती, ते कसबी बाहेरच राहतात. त्यांपैकी निदान पाटाचे पाणी शेतोशेत फिरवणाऱ्या पाटकऱ्याची नोंद व्हावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या थळाचे (म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे) तीन-चार फड, म्हणजे भाग, आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक, ही फड पद्धत पांझरेच्या काठाने धुळे-साक्री भागात निदान तीनशे वर्षे चालत आली. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असल्यामुळे उसाचा फड कोणता आणि बाजरीचा कोणता यावरून तंटा होण्याचे फारसे कारण उरत नसे. तिचे कौतुक अभ्यासक करतात. पण ती रोज चालवणारा माणूस म्हणजे पाटकरी, त्याचे नाव क्वचितच निघते. शेतकऱ्याने स्वतःच्या शेताचे दारे, म्हणजे पाटाचे पाणी आत घेण्याची वाट, स्वतः फोडायचे नाही, ते पाटकऱ्यानेच फोडायचे आणि शेत भिजले की त्यानेच बुजायचे, असा दंडक होता. मग शेत पाटलाचे का असेना. रात्रीच्या बाऱ्यालाही (पाणी देण्याच्या पाळीलाही) तोच खांद्यावर फावडे टाकून बांधावरून हिंडायचा आणि पाणी शेवटच्या सरीला पोचण्याआधी, मागच्या ओलीचा अंदाज घेऊन, वरचे दारे बांधायचा. कोणती जमीन किती पाणी पिते हे त्याला पायाखालच्या मातीवरून कळत असे. पिकाची राखण करणारा जागल्या आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा हवालदार हेही फडाचेच नोकर. त्यांचा मोबदला पिकातून दिला जाई. शासनाने पाणीवापर संस्थांसाठी 2005 साली कायदा केला, तेव्हा या जुन्या नोकरांना कोणी चार गोष्टी विचारल्या असत्या तर बरे झाले असते. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचे पाणी त्याच्या हाती आले आणि पाटकऱ्याचे काम बहुतेक ठिकाणी संपले.

एरंडोलच्या कागदाची कथा वेगळी. तेथील हातकागद एके काळी नावाजलेला होता. चुन्याच्या पाण्यात मुरवलेल्या तागाचा कुटून लगदा करायचा, तो चाळणीवर उचलायचा, ताव वाळवून त्याला खळ द्यायची आणि घोटून गुळगुळीत करायचा, असे हे कागद्यांचे काम असे. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर ते मागे पडले. लाल रंगासाठी खानदेशात आल नावाची वनस्पती लावली जाई व काही वर्षांनी तिची मुळे खणून रंगाऱ्याला विकली जात. 1868 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन हे लाल रंगद्रव्य कृत्रिमरीत्या तयार केले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत बाटलीतल्या रंगापुढे आलीचे शेत परवडेनासे झाले.

अर्थात गेलेल्या प्रत्येक कामाबद्दल हळहळावे असे नाही. महार वतनाच्या नावाखाली गावाची आणि सरकारची पडेल ती कामे तुटपुंज्या मोबदल्यात करून घेतली जात. त्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले आणि कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्या लेखांत हा भाग सहसा गाळला जातो, तो गाळू नये.

माझी सूचना एवढीच आहे. कागदी आणि रंगारी यांचे काम आता जुन्या दप्तरांतूनच शोधावे लागेल. त्यासाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ जवळच आहे. पाटकऱ्याचे मात्र तसे नाही. ज्यांनी स्वतः बारे दिले किंवा वडिलांना देताना पाहिले, असे वृद्ध पांझराकाठच्या गावांत अजून भेटतात. फडांच्या हिशेबाच्या चोपड्याही कोणाकोणाच्या माळ्यावर असण्याचा संभव आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या इतिहास आणि भूगोल विभागांनी विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवून या माणसांचे बोलणे त्यांच्याच अहिराणीत ध्वनिमुद्रित करून घ्यावे, चोपड्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक बंधाऱ्यावरचे थळ, फड व नोकर यांची नोंद करावी. आपल्या दैनिकानेही वाचकांकडून अशी माहिती मागवून ती क्रमशः छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. साक्री, जि. धुळे