मुलांच्या गालावरच्या पांढुरक्या चट्ट्यांचा कॅल्शियमशी संबंध नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की बालरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ यांच्याकडे एक तक्रार हमखास वाढते. मुलाच्या गालावर पांढुरका, गोलसर चट्टा आहे. दुखत नाही, फारसा खाजतही नाही, पण जात नाही. दवाखान्यात येईपर्यंत घरात त्याचे निदान होऊन गेलेले असते. आजीच्या मते जंत झालेले असतात, औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आलेली असते आणि ‘कोड तर नाही ना?’ असे कुणीतरी हळूच विचारून आईची झोप उडवलेली असते. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत यातले एकही खरे नसते. शाळा सुरू होण्याच्या तोंडावर ही काळजी आणखी वाढते, म्हणून हे पत्र.

या चट्ट्यांना वैद्यकात पिटिरियासिस अल्बा म्हणतात. हा इसबाचा अगदी सौम्य प्रकार आहे. साधारण 3 ते 16 वर्षांच्या मुलांमध्ये तो दिसतो. जागा मुख्यतः गाल, पण हनुवटी, कपाळ, मान आणि दंडावरही. चट्टा बहुधा 1 ते 4 सेंटिमीटरचा, कडा पुसट, वर पिठासारखा बारीक कोंडा. ज्या मुलांची कातडी मुळातच कोरडी असते, ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कुणाला दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा इसब असतो, त्यांना तो जास्त होतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. व्रण राहत नाही. काही महिन्यांत, क्वचित वर्ष-दीड वर्षात, तो आपोआप जातो. मधे पुन्हा उमटू शकतो, पण वयात येता येता बहुतेकांचा थांबतो.

याची चाल समजून घेतली तर निम्मी औषधे टळतात. पहिल्या टप्प्यात चट्टा किंचित गुलाबी आणि खरखरीत असतो; कातडीला सौम्य सूज असते. गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर हा गुलाबीपणा लक्षातही येत नाही. दुसऱ्या टप्प्यात गुलाबी रंग ओसरतो, कोंडा आणि फिकटपणा राहतो. तिसऱ्यात कोंडाही जातो आणि नुसता गुळगुळीत, फिकट डाग उरतो. सूज असताना कातडीतल्या रंगपेशी मंदावतात, रंग कमी तयार होतो आणि वरच्या थरांपर्यंत कमी पोचतो. पेशी मेलेल्या नसतात, म्हणूनच रंग परत येतो. पण कातडीचे वरचे थर बदलायलाच सुमारे चार आठवडे लागतात आणि रंगपेशी पूर्ववत कामाला लागायला त्याहून कितीतरी जास्त. सूज केव्हाच गेलेली असते आणि डाग मात्र महिनोन्‌महिने दिसत राहतो, त्याचे कारण हे.

उन्हाळ्यातच तो का दिसतो? सुरुवात बहुधा हिवाळ्याच्या कोरड्या हवेत होते, पण तेव्हा चट्टा आणि आजूबाजूची कातडी यांच्या रंगात फारसा फरक नसतो. एप्रिल-मेच्या उन्हात खेळून बाकीचा चेहरा रापतो, चट्टा रापत नाही आणि एकदम उठून दिसतो. आईवडिलांना वाटते, डाग आत्ताच आला आणि वाढतोय. खरे तर भोवतालचा रंग गडद झालेला असतो.

आता जंत आणि कॅल्शियम. जंतांमुळे किंवा कॅल्शियमच्या कमतरतेने गालावर असे चट्टे येत नाहीत. तरीही हा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण चट्टा आपोआपच जातो; त्या काळात जे औषध चालू असते, त्याला श्रेय मिळते. जंतनाशक गोळी मात्र जरूर द्यावी, ती वेगळ्या कारणासाठी. राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडी आणि शाळांमधून 1 ते 19 वर्षांच्या मुलांना ॲल्बेंडॅझोल मोफत मिळते: 400 मिलिग्रॅमची एक गोळी, 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी, कुस्करून. रक्तक्षय आणि वाढीच्या दृष्टीने तिचा उपयोग आहे. डाग जावा म्हणून ती दर महिन्याला देण्यात काही अर्थ नाही. चट्ट्यासाठी रक्ततपासण्याही लागत नाहीत. आणि कृपा करून मुलाचे दूध, दही, अंडी, मासे बंद करू नका. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने पांढरे डाग येतात, ही भीती निराधार आहे. वाढीच्या वयात प्रथिने तुटण्याचे नुकसान मात्र खरे आहे.

उपचाराचा गाभा एकच, कातडीचा कोरडेपणा घालवणे. अंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांची. नेहमीच्या बहुतेक साबणवड्या अल्कधर्मी असतात, त्यांचा सामू (पीएच) 9 ते 10 च्या घरात असतो, तर निरोगी कातडीचा साडेपाचच्या आसपास. गालावर दिवसातून तीन-चार वेळा साबण लावणे म्हणजे कोरडेपणाला आमंत्रण. सकाळी नुसते पाणी पुरते. संध्याकाळी खेळून आल्यावर एकदा सौम्य, बिनवासाचा क्लेन्झर. टॉवेलने घासायचे नाही, टिपायचे. चेहरा किंचित ओलसर असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावायचे. सगळे पाणी उडून गेल्यावर लावले तर अर्धा उपयोग वाया जातो. दिवसातून दोनदा, आणि फक्त डागावर नव्हे तर पूर्ण चेहऱ्यावर. प्रमाण मोजायला बोट वापरा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मलमाची एक रेघ काढली की ते सुमारे अर्धा ग्रॅम होते. 3 ते 5 वर्षांच्या मुलाच्या चेहरा-मानेला अशा दीड रेघा लागतात, 6 ते 10 वर्षांच्या मुलाला दोन. बहुतेक घरांत याच्या पाव हिश्श्यानेही लावले जात नाही आणि मग ‘क्रीमने फरक पडला नाही’ असे ऐकू येते.

कोणते घ्यावे हे हवेवर ठरवा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत साधी पांढरी पेट्रोलियम जेली उत्तम; ती स्वस्त आहे, तिच्यात वास नाही आणि तिची ॲलर्जी सहसा होत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तीच जेली चिकचिकते, घाम येतो, मूल पुसून टाकते. तिथे ग्लिसरीन असलेले हलके क्रीम किंवा लोशन बरे. शुद्ध खोबरेल तेलही चालते. मोहरीचे तेल चेहऱ्याला झोंबते आणि ऑलिव्ह तेल कातडीचा संरक्षक थर कमकुवत करते, ही दोन्ही टाळावीत. डाळीचे पीठ आणि हळद चोळून डाग ‘काढण्याचा’ प्रयत्न तर नकोच. घासण्याने पुन्हा सूज येते आणि चट्टा पहिल्या टप्प्यावर परत जातो.

ऊन पूर्ण टाळा असे आम्ही सांगणार नाही. मुलांनी मैदानावर खेळलेच पाहिजे. शक्य तर 11 ते 4 या वेळेत सावली, नाहीतर रुंद काठाची टोपी. एसपीएफ 30 चे सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि खेळ लांबला, घाम आला तर दर दोन तासांनी पुन्हा. मॉइश्चरायझर आधी, दहा मिनिटांनी सनस्क्रीन. सनस्क्रीनने डाग बरा होत नाही. आजूबाजूची कातडी कमी रापते, त्यामुळे रंगातला फरक कमी दिसतो, एवढाच त्याचा हेतू. ज्या मुलाला आरशात पाहायला संकोच वाटू लागला आहे, त्याच्यासाठी एवढेही पुष्कळ असते.

पहिल्या टप्प्यात, म्हणजे चट्टा लालसर किंवा खाजरा असताना, डॉक्टर कधी कधी 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड मलम पाच-सात दिवस देतात, फक्त चट्ट्यावर, पातळ थरात. रेंगाळलेल्या चट्ट्यांसाठी 2 वर्षांवरील मुलांना 0.03 टक्के टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले मलम दिले जाते; त्याने सुरुवातीचे काही दिवस जळजळ होऊ शकते, हे आधीच माहीत असले म्हणजे घाबरायला होत नाही. तिसऱ्या टप्प्यातल्या गुळगुळीत डागावर स्टेरॉइड लावण्याला काहीच अर्थ नाही. तिथे सूजच उरलेली नसते आणि स्टेरॉइड स्वतःच कातडीचा रंग उडवते. डाग जात नाही म्हणून मलम लावायचे आणि मलमामुळे डाग जात नाही, असे चक्र सुरू होते.

सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबमध्ये बहुधा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक अशी भेळ असते. नायट्यासाठी शेजाऱ्याने वापरलेली तीच ट्यूब मुलाच्या गालावर येते. आठवड्याभरात गाल गुळगुळीत दिसतो, म्हणून महिनोन्‌महिने लावली जाते. मग कातडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते आणि मलम थांबवले की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो. ट्यूब हातात घेतली की आधी घटक वाचा. स्टेरॉइडची मलमे 2018 पासून कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. वेष्टणावर लाल उभी रेघ आणि आरएक्स ही अक्षरे दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरायचे आहे. दुकानदारांनाही आमची कळकळीची विनंती आहे: लहान मुलाच्या चेहऱ्यासाठी कुणी मलम मागितले तर पेट्रोलियम जेली द्या आणि डॉक्टरांकडे पाठवा.

गावाकडे बावचीचे तेल लावून उन्हात बसवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. बावचीत सोरालेन असते. ते कातडीवर असताना ऊन लागले की भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळा डाग राहतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावरही असेच होते. निरुपद्रवी चट्ट्यासाठी मुलाचा गाल भाजून घेऊ नये.

मग दाखवायचे कधी? चट्टा खडूसारखा पांढराशुभ्र असेल, पेनाने बाहेरची रेघ काढता येईल इतकी कड स्पष्ट असेल, कोंडा नसेल, त्यावरचे केस पांढरे असतील किंवा तो ओठ, पापण्या, बोटांची टोके, गुडघे इथे असेल, तर कोड असू शकते. कोड संसर्गजन्य नाही, लाजिरवाणे तर मुळीच नाही आणि लहान वयात लवकर उपचार सुरू केले तर रंग परत येण्याची शक्यता चांगली असते. कड उंचावलेली, लाल, गोल आणि खाजरी असेल तर तो नायटा. छाती-पाठीवर बारीक ठिपके एकमेकांत मिसळत असतील तर शिबे; ही बुरशी आहे आणि तिचे औषध वेगळे. वुड्स लॅम्प या अतिनील दिव्याच्या प्रकाशाने किंवा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून डॉक्टर काही मिनिटांत फरक सांगू शकतात.

एका आजाराकडे मात्र दुर्लक्ष नको. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर घाम येत नसेल, लव झडली असेल, कापसाच्या वातीचा स्पर्श मुलाला कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. आपल्या राज्यात, विशेषतः विदर्भाच्या काही जिल्ह्यांत आणि पालघरकडे, लहान मुलांमध्येही तो आढळतो. चेहऱ्यावर संवेदना फार दाट असते, त्यामुळे तिथे घरगुती स्पर्शचाचणी फसवी ठरते. शंका असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि पूर्ण घेतली तर आजार बरा होतो. कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई दारात आल्या, तर ‘आमच्याकडे तसले काही नाही’ म्हणून परत पाठवू नका. मुलाचा शर्ट काढून पाठही दाखवा.

या लक्षणांपैकी काहीच नसेल तर महिन्यातून एकदा, त्याच खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता एक फोटो काढून ठेवा. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना बदल कळत नाही. तीन फोटो शेजारी ठेवले की कळतो. फोटोत कड आणखी पुसट झाली असेल तर चट्टा बरा होतो आहे.

शिक्षकांकडे एक मागणे आहे. अशा मुलाला वेगळे बसवू नका, पोहायला किंवा कबड्डीला अडवू नका, ‘संसर्ग नाही’ असा दाखला आणायला सांगू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा चट्टे असलेली मुले त्यांना दाखवा, पण सर्वांसमोर रांगेतून बाहेर काढून नव्हे. मुलींच्या बाबतीत तर ‘कोड’ हा शब्द वर्गात एकदा उच्चारला गेला की लग्नाच्या वयापर्यंत घरच्यांच्या मानेवर बसतो.

संपादक महोदय, हे पत्र आपण आत्ता छापलेत तर पालकांची धास्ती कमी होईल, पण चट्टे टाळण्याचा हंगाम हा नव्हे. हवा कोरडी व्हायला लागते दिवाळीच्या सुमारास. मॉइश्चरायझर तेव्हा सुरू झाले आणि होळीपर्यंत टिकले, तर पुढच्या मे महिन्यात गालावर दिसण्यासारखे फारसे उरत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस आरोग्याच्या पानावर त्याची एक छोटी चौकट द्यावी. मजकूर आम्ही आनंदाने लिहून देऊ.

आपले,
काही त्वचारोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ