रोलबॅकनंतरही त्रुटीची नोंद उरली पाहिजे

महोदय,

ऑनलाइन शुल्क भरताना ‘काहीतरी चूक झाली, नंतर प्रयत्न करा’ असे पडद्यावर येते. खात्यातून पैसे गेलेले असतात आणि काउंटरवर सांगतात, ‘सिस्टिममध्ये नोंदच नाही.’ मुलुंडच्या आमच्या सोसायटीतील एक आजी गेल्या महिन्यात असेच उत्तर घेऊन परत आल्या. डेटाबेसच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. खिडकीतला कर्मचारी खोटे बोलत नसतो. नोंद खरोखरच उरलेली नसते.

अशा व्यवहारांचा हिशेब अनेकदा डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) करतात. मध्येच काही बिघडले, की अर्धवट नोंदी राहू नयेत म्हणून सगळे रोलबॅक होते, म्हणजे केलेले बदल रद्द होऊन डेटा पूर्वस्थितीत जातो. ते योग्यच आहे. पण काय बिघडले हे त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कामांच्या गटात) एरर टेबलात, म्हणजे त्रुटींच्या तक्त्यात, लिहिले असेल, तर रोलबॅकबरोबर तेही पुसले जाते. यावरचे उपाय जुने आहेत. ओरॅकल या डेटाबेसमध्ये नोंद लिहिणारी प्रोसिजर ‘ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन’ म्हणून वेगळी ठेवता येते; मुख्य काम रद्द झाले तरी तिची नोंद टिकते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून ट्राय-कॅच आहे: ‘ट्राय’मधले काम फसले, की ‘कॅच’मधला कोड चालतो. कॅचमध्ये आधी रोलबॅक, मग एररचा क्रमांक, प्रोसिजरचे नाव, ओळ आणि अर्जाचा क्रमांक टेबलात लिहायचा आणि शेवटी प्रोसिजर चालवणाऱ्या प्रोग्रामला एरर कळवायचा. कार्ड क्रमांक किंवा ओटीपी मात्र या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, कधीही जाता कामा नये.

याहून वाईट सवय म्हणजे ओरॅकलच्या कोडमध्ये ‘व्हेन अदर्स देन नल’ ही ओळ लिहिणे. कोणताही एरर येवो, गिळून पुढे जा! रात्रीचा बॅच (एकगठ्ठा चालणारे काम) ‘यशस्वी’ दिसतो, आणि कुणाची पावती राहिली हे कुणालाच कळत नाही. डेडलाइन कितीही जवळ असो, लोकांच्या पैशांशी संबंधित कोडमध्ये ही ओळ मला अक्षम्य वाटते.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक केले आहे. पण जी नोंद टेबलात टिकलीच नाही, ती जपणार कशी?

माझी मागणी साधी आहे. नागरी सेवांच्या प्रणाली स्वीकारताना संबंधित कार्यालयांनी कंत्राटदाराकडून चाचणीत प्रोसिजर मुद्दाम अपयशी करून घ्यावी आणि रोलबॅकनंतर एरर टेबलात नोंद आहे की नाही, हे स्वतः पाहावे. तिचा क्रमांक नागरिकाला पडद्यावर दिसावा, आणि तोच क्रमांक काउंटरवर शोधता यावा. ही अट निविदेतच लिहिली जावी.

— एक डेटाबेस प्रशासक, मुलुंड (पूर्व), मुंबई